नमुना आधी, सुई नंतर

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला आणि पहिल्या चार पत्रांत एकच वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सापडलं : ‘आधी इंजेक्शनं दिली, फरक पडला नाही, म्हणून मग तपासणी केली.’ मी चौतीस वर्षं जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत काढली. या वाक्यापुढे काय येतं ते मला पाठ आहे. तेव्हा सुरुवात त्यातल्याच एका पत्रानं.

प्रश्न : माझ्या गाईच्या मागच्या उजव्या सडातून गुठळ्यांचं दूध यायला लागलं. ओळखीतून ट्यूब मिळाल्या, त्या दोन दिवस सडात भरल्या. सोबत तीन इंजेक्शनं झाली. कास मऊ पडेना म्हणून दूध तपासायला दिलं. अहवालात एकच ओळ : ‘जिवाणूंची वाढ आढळली नाही.’ जंतूच नाहीत तर कास सुजली कशानं? की प्रयोगशाळेनं नीट बघितलंच नाही? – एक दूध उत्पादक

उत्तर : प्रयोगशाळेवर रागावण्याआधी स्वतःच्याच पत्रातला क्रम बघा. आधी ट्यूब, मग इंजेक्शन, मग नमुना. सडात भरलेलं प्रतिजैविक दुधाबरोबर बाटलीत आलं, बाटलीतून तपासणीच्या ताटलीत गेलं आणि उरलेसुरले जंतू तिथंही मान वर काढू शकले नाहीत. ते कासेत नाहीत असं अहवाल म्हणत नाही. ताटलीत उगवले नाहीत, एवढंच म्हणतो. या दोन वाक्यांमधलं अंतर समजावण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

पण सगळं खापर ट्यूबवर फोडणंही बरोबर नाही. औषधाचा थेंब न देता घेतलेल्या दुधातही पुष्कळदा काही उगवत नाही. ई. कोलाय हा शेणातला जंतू कासेत शिरला की गाईच्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर अशा तुटून पडतात, की आपल्याला सूज दिसेपर्यंत तो बहुधा संपलेला असतो. आपण बघतो ती लढाईनंतरची पडझड. स्टॅफिलोकोकस ऑरियसची तऱ्हा उलटी. तो कासेच्या आत लहान लहान कप्पे करून दडून बसतो आणि दुधात अधूनमधूनच उतरतो. आज नाही सापडला तर आठवड्यानं सापडेल, म्हणून त्याच्यासाठी दोन-तीनदा नमुना घ्यावा लागतो. मायकोप्लाझ्मा तर नेहमीच्या ताटलीत उगवतच नाही. त्याला वेगळं खाद्य लागतं, दिवसही जास्त लागतात. प्रयोगशाळेला तसं सांगितलं नसेल तर ती शोधणार कुठून?

आता नमुना कसा घ्यायचा ते सविस्तर सांगते, कारण निम्मे अहवाल इथंच बिघडतात. सड धुऊन कोरडा करा. ओला ठेवलात तर कासेवरचं पाणी घाण घेऊन थेट बाटलीत उतरतं. पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या. सडाचं तोंड सत्तर टक्के अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा, बोळा काळा पडायचा थांबेपर्यंत पुसा. चारही सडांचे नमुने घ्यायचे असतील तर पुसताना पलीकडचे सड आधी आणि दूध घेताना अलीकडचे आधी, म्हणजे पुसलेल्या सडाला आपलं मनगट घासत नाही. बाटली आडवी धरा, उभी धरली की केस आणि धूळ सरळ आत पडतात. झाकण खाली ठेवू नका, करंगळीत पकडा. दोन-तीन धारा पुरतात, बाटली काठोकाठ भरायचं कारण नाही. बर्फात ठेवून चोवीस तासांत पोचवा. एकदा एकानं मला दूध अत्तराच्या रिकाम्या कुपीत आणून दिलं होतं. सुगंध छान होता, उगवलं काहीच नाही.

‘तोवर गाय तशीच ठेवायची का?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. गाय खाते-पिते आहे, अंगात ताप नाही, फक्त दुधात गुठळ्या आणि कासेला थोडी सूज आहे, तर अहवालासाठी एक दिवस थांबता येतं. सौम्य कासदाहात ई. कोलायसारखे जंतू निघाले किंवा काहीच उगवलं नाही, तर प्रतिजैविक दिलेल्या आणि न दिलेल्या गाईंच्या बरं होण्यात फारसा फरक पडत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी त्या अहवालावरून औषध थांबवायला सांगितलं तर त्यांना निष्काळजी समजू नका. मात्र गाय खाली बसली, कान गार पडले, सडाचा रंग निळसर झाला, तर थांबायचं नाही. डॉक्टरांना तडक बोलवा. तेव्हासुद्धा पहिली सुई टोचण्याआधी दोन धारा बाटलीत घ्यायला अर्धं मिनिट लागतं.

सूज दिसण्याआधीचा, म्हणजे सुप्त कासदाह ओळखायला चार वाट्यांची सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) चाचणी गोठ्यातच करता येते. शाल्म आणि नूरलँडर या दोघांनी ती १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात बसवली. त्यातलं द्रावण म्हणजे साबणाचाच चुलतभाऊ. ते दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतं, आतला डीएनए बाहेर येतो आणि दूध लिबलिबीत होतं. जितकं घट्ट, तितक्या पेशी जास्त. मिलिलिटरला दोन लाखांच्या वर पेशी गेल्या की सडात काहीतरी शिजतंय असं धरायचं. इतकी साधी आणि इतकी उपयोगी चाचणी मी दुसरी पाहिली नाही.

प्रश्न : आमची म्हैस रात्री ठणठणीत होती, सकाळी मेलेली सापडली. नाकातून आणि शेपटीखालून काळसर रक्त आलं होतं, अंग ताठलं नव्हतं. काही जण म्हणाले, पोट फाडून बघा, काय विषारी खाल्लं ते कळेल. आम्ही फाडलं नाही, तशीच खोल पुरली. आता वाटतं, बघायला हवं होतं. – एक पशुपालक

उत्तर : फाडलं नाहीत, फार मोठं काम केलंत.

मी नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. अशीच एक गाय आली. एकाएकी मेलेली, पोट फुगलेलं, नाकाशी रक्त. मी उत्साहात. हातमोजे चढवले, सुरी परजली आणि छातीच्या खालून पहिला काप घेणार, तोच आमच्या शवविच्छेदन विभागातल्या परिचरकाकांनी माझं मनगट धरलं. शाळा सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मी पदवीचं सुवर्णपदक मिरवणारी. म्हणाले, ‘बाई, रक्त गोठलेलं दिसतंय का तुम्हाला? आधी कानाचा थेंब बघा.’ मला राग आला. तरी कानाच्या टोकाला टोचून काचपट्टीवर थेंब घेतला, मिथिलीन ब्लूनं रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. निळ्या कांड्या, टोकं चौकोनी कापल्यासारखी, एकामागे एक ओळीनं, आणि प्रत्येकीभोवती गुलाबी कवच. फाशी, म्हणजे ॲन्थ्रॅक्स. पुस्तकातलं चित्र काचपट्टीवर बघताना माझे हात थरथरत होते. काकांनी सुरी कधी उचलून नेली ते मला कळलं नाही.

कारण असं. जनावराच्या अंगात हा जंतू कांडीच्या रूपात असतो, आणि न उघडलेल्या मृत शरीरात सडण्याच्या क्रियेत त्या कांड्या काही दिवसांत मरून जातात. शरीर फाडलं की त्यांना हवा मिळते. हवेतला प्राणवायू मिळाला की त्या बीजाणू बनतात, म्हणजे कवचात बंद होऊन झोपी जातात, आणि मातीत कित्येक दशकं तशाच पडून राहतात. स्कॉटलंडजवळच्या ग्रुनार्ड बेटावर १९४२ मध्ये लष्करानं मेंढ्यांवर ॲन्थ्रॅक्सचे प्रयोग केले. ते बेट माणसांना बंद झालं ते १९९० पर्यंत, आणि तेही १९८६ मध्ये फॉर्माल्डिहाइड आणि समुद्राच्या पाण्यानं जमीन भिजवून काढल्यावर. तुमच्या रानाचं तसं होऊ नये, म्हणून पोट फाडायचं नाही.

तुमच्या म्हशीला फाशीच झाली होती असं मी म्हणत नाही. कानाचा थेंब कुणी घेतला नाही, त्यामुळे ते आता कळणारही नाही. पण एकाएकी मृत्यू, न गोठणारं रक्त आणि न ताठलेलं अंग हे तिन्ही एकत्र दिसले, की तो संशय पहिला धरायचा. पशुवैद्यकाला लगेच कळवा. पुरलेल्या जागेवर दुसरी जनावरं चरू देऊ नका आणि ती जागा पुन्हा उकरू नका. चुना टाकायचा सल्ला जुन्या पुस्तकांत सापडेल. चुन्यातलं कॅल्शियम बीजाणूंना टिकायला मदतच करतं असं वाटू लागल्यापासून आता तो टाळतात. म्हशीला ओढताना ज्यांचे हात लागले त्यांच्या कातडीवर न दुखणारा फोड उठून मधोमध काळी खपली धरली, तर त्यांनी डॉक्टरांना दाखवून ‘असं जनावर हाताळलं होतं’ हे सांगायचं. ते सांगितलं नाही तर फोड म्हणून मलम मिळेल.

बाकीच्या जनावरांना लस द्यायची ती डॉक्टर ठरवतील. ही लस मॅक्स स्टर्न यांनी १९३७ च्या सुमाराला दक्षिण आफ्रिकेतल्या ऑन्डरस्टेपोर्ट संस्थेत तयार केली, आणि तोच वाण आजही जगभर वापरात आहे. लसीतले बीजाणू जिवंत असतात. काळजीपोटी त्याच दिवशी पेनिसिलीनही टोचून घेतलंत, तर औषध लसीलाच मारून टाकेल.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझा दहा महिन्यांचा बोका महिनाभर आजारी आहे. ताप उतरत नाही, पोट फुगलंय, पाठीचा कणा हाताला लागतो. पोटातलं पिवळं पाणी दोनदा काढून टाकलं. रक्ताच्या तपासणीत ‘कोरोना पॉझिटिव्ह’ आलं. एफआयपी (मांजरांचा विषाणूजन्य पोटदाह) आहे, उपाय नाही, असं सांगितलं. भाचा म्हणतो, गोळ्या निघाल्यात. खरं काय? – मांजराची आई

उत्तर : भाचा बरोबर आहे, पण त्याला पुढचंही ऐकवा.

आधी ‘काढून टाकलं’ या शब्दांवर अडते. ते पिवळं पाणीच तर सगळ्यात मोलाचा नमुना होता! एफआयपीतलं पाणी सहसा मधाच्या रंगाचं, चिकट, बोटांत धरलं तर तार सुटणारं, हलवलं की फेसाळणारं असतं. परीक्षानळीत साधं स्वच्छ पाणी घ्यायचं, त्यात ॲसिटिक आम्लाचा एक थेंब आणि वरून पोटातल्या द्रवाचा एक थेंब. थेंब विरघळून गेला तर एफआयपीची शक्यता फार कमी. पाण्यात तरंगत राहिला किंवा जेलीफिशसारखा झिरमिळ्या सोडत खाली उतरला, तर संशय वाढला. ही रिव्हाल्टा चाचणी. ‘नाही’ म्हणते तेव्हा भरवशाची, ‘हो’ म्हणते तेव्हा अर्धवट, कारण पोटात जंतुसंसर्गाचा पू असला किंवा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) असला तरी ती ‘हो’ म्हणू शकते. म्हणून त्याच पाण्यातल्या पेशी बघायच्या आणि त्यावरच पीसीआर करायची.

रक्तातल्या ‘कोरोना पॉझिटिव्ह’वर मात्र अजिबात विसंबू नका. मांजरांचा कोरोना विषाणू आतड्यात राहणारा, बहुतेक वेळा निरुपद्रवी पाहुणा. अनेक मांजरं एकत्र राहतात तिथं निरोगी मांजरांच्या रक्तातही त्याच्या प्रतिपिंडांची खूण सापडते. एखाद्या मांजराच्या पोटातच त्या विषाणूत बदल होतो, तो आतडं सोडून पांढऱ्या पेशींत शिरतो, आणि तेव्हा एफआयपी होते. (माणसाच्या कोविडशी याचा संबंध नाही. तुम्हाला त्याच्यापासून काही होणार नाही.)

हा आजार बोस्टनमध्ये जीन होल्झवर्थ यांनी १९६३ मध्ये नोंदवला. पुढची पन्नासेक वर्षं आम्ही सगळे निदान करत होतो आणि मांजरं जात होती. मी अशा मांजरांच्या अहवालाखाली ‘उपचार : आधार देणारे’ लिहायची. आधार कुणाला, मांजराला की मालकाला, ते मला कधीच ठरवता आलं नाही. मग २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडरसन यांनी, ज्यांनी अख्खी कारकीर्द या एका रोगामागे घालवली होती, जीएस-४४१५२४ या रेणूचा निकाल छापला. खरोखर आजारी असलेली ३१ पाळीव मांजरं. पाच सुरुवातीलाच गेली, बहुतेक पहिल्या काही दिवसांत. २६ जणांचे बारा आठवडे पूर्ण झाले. काहींना रोग उलटला, त्यांना पुन्हा औषध दिलं, बऱ्याच जणांचा डोस वाढवला. शेवटी २५ वाचली. तो निबंध मी निवृत्तीनंतर घरी वाचला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

औषधाचं काम सोपं आहे. विषाणू आपली आरएनएची साखळी विणत असताना हा रेणू खोट्या कडीसारखा मध्ये बसतो आणि विणकाम थांबतं. रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी औषधाचा मूळ गाभाही हाच. बारा आठवड्यांची मुदत आता तशी अटळ राहिलेली नाही. पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या मांजरांत ४२ दिवसांचा उपचार ८४ दिवसांइतकाच लागू पडला, असं २०२४ च्या एका अभ्यासात दिसलं. पण डोळ्यात किंवा मेंदूत रोग पोचला असेल तर मात्रा जास्त लागते. बोका सुधारला की वजन वाढणार, वजन वाढलं की मात्रा वाढणार, तेव्हा दर आठवड्याला वजन करणं आलंच.

आता भाच्यासाठी. हे औषध परवाना मिळण्याआधीच चोरट्या बाजारात पोचलं होतं, आणि अशा बाटल्या तपासल्या तेव्हा लेबलवरचा आकडा आणि आतलं प्रमाण जुळलं नाही. पशुवैद्यकाच्या हातातून येईल तेच घ्या. तापासाठी घरातली पॅरासिटामॉल तर स्वप्नातही देऊ नका. ती पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच. हिरड्या तपकिरी होतात, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, आणि एक गोळी पुरते. एफआयपीतून वाचू शकणारं मांजर पॅरासिटामॉलनं मेलेलं मी टेबलावर पाहिलंय.

घरातल्या दुसऱ्या मांजरांचं विचारलं नाहीत, तरी सांगते. बदललेला विषाणू सहसा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. सायप्रसमध्ये २०२३ साली मात्र तसं घडलं. तिथल्या वाणात कुत्र्याच्या कोरोना विषाणूचा तुकडा मिसळला होता आणि तो मांजरांमांजरांत थेट पसरला. माणसांच्या कोविडसाठी साठवलेल्या गोळ्या तिथल्या सरकारनं मांजरांसाठी खुल्या केल्या.

प्रश्न : नऊ वर्षांच्या कुत्रीच्या बरगडीवर मऊ गाठ आहे. डॉक्टर सुईनं नमुना घेऊया म्हणतात. सुई लावली की गाठ भडकते असं ऐकलंय.

उत्तर : चुकीचं ऐकलंय. हाताला चरबीची गाठ आणि मास्ट पेशींचा कर्करोग हुबेहूब सारखे लागू शकतात. मी बोटांनी पैज लावून हरलेली आहे. बारीक सुईनं चार पेशी काचपट्टीवर आल्या की बहुतेक वेळा दहा मिनिटांत फरक कळतो. ‘आधी सूज उतरवू’ म्हणून स्टेरॉइड सुरू करू नका. लिम्फोमा असेल तर तो तात्पुरता विरघळतो, नमुन्यात काही सापडत नाही, आणि पुन्हा उगवतो तेव्हा औषधांना कमी दाद देतो.

कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर येणारी एक संसर्गजन्य गाठ आहे. तुमच्या कुत्रीची ही नव्हे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रशियात नोविन्स्की यांनी १८७६ मध्ये ती एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर रुजवून दाखवली. यात पसरतो तो जंतू नव्हे, कर्कपेशी स्वतःच. ४३ देशांतल्या ५४६ गाठींचा डीएनए वाचून २०१९ मध्ये निष्कर्ष निघाला, की या सगळ्या पेशी चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियात होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याच्या आहेत. तो कुत्रा कधीच मेला, त्याची गाठ अजून फिरतेय. आणि एवढी चिवट असूनही व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या काही साप्ताहिक मात्रांत बहुधा निघून जाते.

प्रश्न : कोंबडीच्या पिल्लांना पहिल्याच दिवशी मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस दिली होती. तरी दहा आठवड्यांच्या पक्ष्यांत एक पाय पुढे, एक मागे पसरलेले चार निघाले. लस बनावट होती का? – कुक्कुटपालक

उत्तर : लगेच बनावट ठरवू नका. ही लस गाठी आणि लकवा रोखते, विषाणूचा शिरकाव रोखत नाही. लस दिलेला पक्षीही पिसांच्या कोंड्यातून विषाणू सांडत राहतो. तो कोंडा शेडमध्ये महिनोन्‌महिने टिकतो, आणि लस जोर धरायच्या आधीच्या आठवड्यात पिल्लू जुन्या कोंड्यात सोडलंत तर शर्यत विषाणू जिंकतो. अशा अर्धवट अडवणाऱ्या लसीच्या आडून विषाणूचे जहाल वाण टिकून राहतात, असं अँड्र्यू रीड यांच्या गटानं २०१५ मध्ये प्रयोगातून दाखवलं. त्यामुळे लस सोडायची नाही, शेड धुवायची. मॅरेक यांनी १९०७ मध्ये बुडापेस्टमध्ये या रोगाचं पहिलं वर्णन केलं, तेही लकवा झालेल्या चार कोंबड्यांवरूनच. तुमचे चार पक्षी प्रयोगशाळेत न्या. जिवंत न्या, नाहीतर ताजे मेलेले बर्फात ठेवून. फ्रीजरमध्ये दगड केलेला पक्षी आणू नका, मांडीची नस सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तर गोठलेल्या पेशी फुटलेल्या असतात.

प्रश्न : मी नववीत आहे. मला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय. पण संशोधनात प्राण्यांना मुद्दाम आजारी पाडतात, हे वाचून वाईट वाटलं. तुम्ही तसं केलंत का?

उत्तर : हो, केलं. तुला गुळगुळीत उत्तर देणार नाही.

बुळकांड्या नावाचा रोग तू पाहिलेला नाहीस, तुझ्या डॉक्टरांनीही बहुधा पाहिलेला नसेल. तोंडात फोड, हगवण, आणि आठवड्याभरात गोठाच्या गोठा रिकामा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो आफ्रिकेत पोचला तेव्हा गुरांबरोबर माणसंही उपासमारीनं मेली. केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत हा विषाणू पुन्हा पुन्हा वाढवून इतका नरम केला, की तो रोग देईना पण संरक्षण देई. हे खरं आहे की नाही ते तपासायचं कसं? काही गुरांना लस दिली, काहींना दिली नाही, आणि सगळ्यांना खरा विषाणू दिला. ज्यांना लस नव्हती ती आजारी पडली. शेवटची नोंद २००१ मध्ये, केनियातच. २०११ मध्ये जग बुळकांड्यामुक्त जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. ती लस न दिलेली गुरं या हिशेबात कुठं लिहायची, याचं उत्तर मला आजही देता येत नाही, आणि ते चटकन देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी मांडल्या : प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येतं का ते बघा, वापरलेच तर कमीत कमी वापरा, आणि वेदना कमीत कमी द्या. मी नोकरीला लागले तेव्हा हे भिंतीवरच्या तक्त्यात होतं. निवृत्त होईपर्यंत ते अर्जाच्या रकान्यात आलं. शिवाय आता बरंच संशोधन आपोआप आजारी पडलेल्या जनावरांवर, मालकाच्या संमतीनं होतं. वर सांगितलेली ३१ मांजरं तशीच. अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांवर गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचं रक्त, केस, नखं, शेण दरवर्षी जमा करतात आणि ती आपापल्या घरी मजेत राहतात. ‘शेण’ लिहिलं, कुत्र्याच्या विष्ठेला दुसरा सभ्य शब्द मला सुचेना. डॉक्टर हो. वाईट वाटणं बरोबर घेऊन ये.

प्रश्न : मला गल्लीतल्या कुत्र्यानं पोटरीला चावलं, थोडं रक्त आलं. तुम्ही नेहमी आधी तपासणी म्हणता. कुत्र्याचं रक्त तपासून रेबीज आहे का ते बघावं आणि मग लस घ्यावी, असा विचार आहे.

उत्तर : हे वाचत असाल तिथून उठा. इथं माझंच ब्रीद उलटं करायचं : सुई आधी, नमुना नंतर.

जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. आधी धुतली असेल तरी धुवा. आजच दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते विचारून घ्या. कुत्र्याच्या रक्तात काहीही दिसणार नाही, कारण हा विषाणू रक्तातून नव्हे तर नसांतून मेंदूकडे चालत जातो. जनावरातलं खात्रीचं निदान मेल्यावर मेंदूच्या तुकड्यावर होतं. चावलेला कुत्रा डोळ्यांसमोर असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात, आणि पुढच्या मात्रांचं काय करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. पण त्या दहा दिवसांची वाट बघत पहिली मात्रा थांबवायची नाही. (पत्र हाती आलं त्याच दिवशी संपादकांनी या वाचकांना फोन केला. लस सुरू झाली आहे.)

प्रश्न : कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे, वळवळणारे जंत दिसतात. जंताचं औषध तीनदा दिलं, महिन्याभरात पुन्हा येतात. सोबत नमुना पाठवत आहे.

उत्तर : हे पत्र पोस्टानं मासिकाच्या कचेरीत आलं, सोबत झाकण घट्ट न लावलेली बाटली. संपादकांनी ती मसुद्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली होती. नमुना आधी असं मी म्हणते खरी, पण तो प्रयोगशाळेच्या पत्त्यावर.

असो, आलाच होता तर पाहिला. ते दाणे म्हणजे डिपिलिडियम या फीतकृमीचे सुटे तुकडे, अंड्यांनी भरलेले. त्यांची अंडी पिसवांच्या अळ्या खातात, अळीची पिसू होते, कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो, आणि आत पुन्हा फीतकृमी तयार. तुमचं औषध तिन्ही वेळा चाललं असण्याची शक्यता आहे. कुत्रा दर वेळी नवा जंत गिळतोय. कुत्र्यावरच्या पिसवा, त्याचं अंथरूण आणि फरशीच्या भेगा यांचा बंदोबस्त एकाच वेळी करा आणि मग चौथी मात्रा द्या, प्राझिक्वान्टेल असलेली. घरात मांजर असेल तर कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिनचं औषध तिच्या आसपासही नको, ते मांजराला विष आहे.

बाटली संपादकांनी परत मागितली नाही. माझ्या टेबलावर आहे, झाकण घट्ट लावलेलं.